तीस शेक, पाच वर्षे

एप्रिल २००१ मध्ये परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात एका चाचणीसाठी रुग्णांची नोंदणी सुरू झाली. रुग्ण तीन ते पंचवीस वयातले, बहुतेक शाळकरी. प्रत्येकाच्या मेंदूत गाठ होती. वर्षभरात जीव घेणारी आक्रमक गाठ नव्हे, हळूहळू वाढणारी. शस्त्रक्रियेत पूर्ण न निघालेली किंवा निघूनही पुन्हा वाढू लागलेली. अशा गाठीला किरणांनी आवर घातला तर मुलापुढे चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य असते. डॉ. राकेश जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या पुढच्या आयुष्याची चिंता होती. मूल वाचेल, पण दोन वर्षांनी त्याला वर्गात शिकवलेले लक्षात राहील का, त्याची उंची वाढेल का, वयात येताना शरीरात जे बदल व्हायला हवेत ते होतील का?

दोनशे रुग्णांची कुणाच्याही पसंतीवर न सोडता दोन गटांत वाटणी झाली. ९६ जणांना नेहमीच्या पद्धतीने किरणोपचार मिळाले. १०४ जणांना ‘स्टिरिओटॅक्टिक’ पद्धतीने, म्हणजे डोके पक्के धरून, गाठीच्या आकाराबरहुकूम किरणांची कड कापून, अनेक दिशांनी नेम धरून. आपल्याकडे ज्याला शेक देणे म्हणतात ते दोन्हीकडे सारखेच होते: ५४ ग्रे इतकी मात्रा, तीस भागांत, आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. ग्रे हे शरीरात मुरलेल्या किरणांचे माप. गाठीला पोचणारे माप सारखे; फरक एवढाच की गाठीभोवतीचा निरोगी मेंदू एका पद्धतीत जास्त भाजत होता, दुसऱ्या पद्धतीत कमी.

नोंदणी मार्च २०१२ पर्यंत चालली आणि निष्कर्ष ‘जामा ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात छापून आले २०१७ मध्ये. प्रश्न विचारल्यापासून उत्तर मिळेपर्यंत सोळा वर्षे गेली. एवढा काळ लागला याचे कारण आळस नाही. मेंदूला किरणांनी होणारी इजा ते सहा आठवडे संपताना दिसत नाही. रुग्ण घरी जातो, केस परत येतात, लोक म्हणतात बरा झाला, आणि मग दीड-दोन वर्षांनी ती हलक्या पावलांनी येते. तिची मोजदाद करायची तर कुणीतरी तेवढी वाट पाहावी लागते. गेल्या सव्वाशे वर्षांत ती फार थोड्या जणांनी पाहिली.

राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले नोव्हेंबर १८९५ मध्ये. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात जॉन डॅनियल या प्राध्यापकाकडे एका मुलाच्या डोक्यात शिरलेली बंदुकीची गोळी शोधण्याची विनंती आली. मुलावर नवे यंत्र चालवण्याआधी डॅनियल यांचे सहकारी विल्यम डडली यांनी स्वतःचे डोके पुढे केले. जवळजवळ तासभर ते यंत्रापुढे बसले. त्या दिवशी काही झाले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. एकविसाव्या दिवशी किरण पडले होते त्या जागचे केस गळाले आणि टक्कल पडले. डॅनियल यांनी हे ‘सायन्स’ नियतकालिकाला कळवले. किरणांचा परिणाम उशिरा उगवतो, ही नोंद अशी अगदी पहिल्याच वर्षी झाली होती.

ती पुरेशी ऐकली गेली नाही. मेंदूच्या पेशी मोठेपणी विभागत नाहीत आणि किरण प्रामुख्याने विभागणाऱ्या पेशींना मारतात. म्हणून मेंदूला किरण फारसे बाधत नाहीत, असा समज अनेक दशके टिकला. १९३० मध्ये जर्मनीत फिशर आणि होल्फेल्डर यांनी एका रुग्णाची हकिकत लिहिली. डोक्याच्या त्वचेच्या कर्करोगासाठी त्याला किरण दिले होते, आणि वर्षांनंतर कातडीखालच्या मेंदूचा भाग मेलेला आढळला. किरणांमुळे मेंदूचा भाग मरण्याची, म्हणजे ‘नेक्रोसिस’ची, ही पहिल्या नोंदींपैकी एक. तरीही डोक्यातल्या गजकर्णासारख्या साध्या आजारावर मुलांच्या डोक्याला किरण देणे पुढे तीस वर्षे चालूच राहिले. इस्रायलमध्ये बाहेरून येऊन वसलेल्या कुटुंबांतल्या हजारो मुलांना १९५० च्या आसपास हा उपचार मिळाला. त्यांतल्या १०,८३४ जणांचा माग ठेवून एलेन रॉन आणि बारूख मोदान यांनी १९८८ मध्ये आकडे मांडले. मेंदूला मिळालेली मात्रा सरासरी दीड ग्रे होती; परळच्या मुलांच्या गाठीला मिळालेल्या मात्रेच्या छत्तिसाव्या हिश्शाएवढी. तेवढ्यानेही मेंदूच्या आवरणातल्या गाठींचे प्रमाण साडेनऊपट झाले होते, आणि त्या गाठी वीस-तीस वर्षांनी उगवल्या होत्या. १९९४ मध्ये इस्रायलच्या संसदेला या रुग्णांना भरपाई देण्याचा कायदा करावा लागला.

रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांची गोष्ट यापेक्षा अवघड आहे, कारण तिथे किरणांनीच जीव वाचवले. औषधांनी रक्त स्वच्छ व्हायचे, पण मेंदूच्या पाण्यात लपलेल्या पेशी आजार परत आणायच्या. १९६७ पासून अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी अशा मुलांच्या पूर्ण डोक्याला २४ ग्रे किरण देणे सुरू केले आणि निम्म्या मुलांना हा आजार कायमचा सोडून गेला. त्यापूर्वी जवळपास कुणीच वाचत नसे. ती मुले शाळेत परतली तेव्हा शिक्षकांच्या लक्षात येऊ लागले की ती मागे पडत आहेत. आधी येत होते ते विसरली असे नव्हे. नवे शिकण्याचा वेग मंदावला होता. वर्गातल्या इतर मुलांची वये आणि समज बरोबर वाढत होती, यांचे अंतर दर वर्षी रुंदावत होते. मग मात्रा १८ ग्रेवर आली आणि पुढच्या काळात बहुतेक मुलांसाठी डोक्याचे किरण बंदच झाले. हा निर्णय यायला चाळीस वर्षे लागली.

१९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लेन शेलाइन यांनी या विखुरलेल्या नोंदींना एक क्रम दिला. तो आजही वापरात आहे. उपचार चालू असताना डोकेदुखी, मळमळ, सूज: हा पहिला टप्पा, औषधांनी आटोक्यात येणारा. नंतर काही आठवडे ते सहा महिने या काळात सुस्ती, झोपाळूपणा: दुसरा टप्पा, बहुधा आपोआप ओसरणारा. आणि सहा महिन्यांपासून कितीही वर्षांनी येणारा तिसरा, जो सहसा मागे फिरत नाही. या तिसऱ्या टप्प्यात मज्जापेशींना थेट मार बसतो असे नाही. त्यांच्याभोवती चरबीचे आवरण चढवणाऱ्या पेशी कमी होत जातात. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, कुठे पाझरतात, कुठे बुजतात. नव्या आठवणी नोंदवणारा ‘हिप्पोकॅम्पस’ नावाचा छोटा भाग नव्या पेशी तयार करू शकतो. ती क्षमता आटते. मुळांना वाळवी लागलेले झाड काही काळ हिरवेच दिसते, तसा हा काळ जातो.

आता आमच्या भागातल्या कळंबकडे येऊ, जिथून अशा उपचारासाठी मुंबई गाठावी लागते.

मांजरेकाठचे कळंब १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि येरमाळ्याच्या पलीकडची बार्शी मुंबई इलाख्यात. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ पासून लातूरपर्यंत धावू लागली तेव्हा तालुक्याला ‘कळंब रोड’ नावाचे स्टेशन मिळाले, पण गाव स्टेशनापासून दूरच राहिले. ही गाडी कुर्डुवाडीला सोडून मोठ्या रुळाची गाडी पकडल्याशिवाय रेल्वेने मुंबई गाठता येत नसे. परळमधली चाचणी सुरू झाली त्या २००१ सालीही हीच स्थिती होती. रुंद रूळ पूर्ण झाले २००८ मध्ये. एसटी होती. पण तीस शेक एकाच फेरीत मिळत नाहीत. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, रोज दहा-पंधरा मिनिटांच्या कामासाठी मुंबईत मुक्काम लागतो. ज्याच्या घरी कुळवणी किंवा ऊसतोडणी चालू आहे त्याने मुलाबरोबर सहा आठवडे कुठे राहायचे, काय खायचे? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी या प्रश्नाला जे उत्तर दिले आहे ते टाटाच्या यंत्रांइतकेच या उपचाराचा भाग आहे, असे मी मानतो. तीसपैकी अठरा शेक घेऊन परत गेलेल्या रुग्णाला यंत्र कितीही अचूक असले तरी उपयोगाचे नाही.

मुंबई चारशेच्या आसपास किलोमीटर. त्याअलीकडे या भागात कर्करोगासाठी पहिला आधार उभा राहिला तो बार्शीत, १९८२ मध्ये, नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालयाच्या रूपाने. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांचे सहकारी केवळ रुग्णांची वाट पाहत बसले नाहीत. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरातल्या नोंदणीचे काम रुग्णालयांचे कागद पाहून भागते. इथे प्रयोगशाळाच नव्हत्या, तर कागद कुठून असणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरत. शिक्षक, सरपंच, गावातल्या जाणत्या बायका यांना भेटत, कुणाला न भरणारी जखम आहे, कुणाला अवेळी रक्तस्राव होतो हे विचारत, आणि संशय आला तर त्या माणसाला बार्शीला तपासायला आणत. अशी यादी वर्षानुवर्षे लिहिली गेली. लोक आधीच्या मानाने लवकर, आजार लहान असतानाच येऊ लागले, हेही त्याच यादीतून दिसले.

पुढे जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट करून १,३१,७४६ स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची मोठी पाहणी बार्शीच्या रुग्णालयाने टाटा आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर केली. एप्रिल २००९ मध्ये तिचे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले आणि आपल्या जिल्ह्याचे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले. एकदा केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात हे तिने दाखवले. तुलनेसाठीच्या गटातल्या स्त्रियांना ती तपासणी मिळाली नव्हती यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती टीका योग्य जागी होती. पण घरी परतलेल्या माणसाला आठ वर्षांनी पुन्हा गाठून विचारायचे कसे, हे काम आमच्या भागातल्या माणसांनी करून दाखवले आहे. मेंदूच्या किरणोपचारांत नेमकी याचीच उणीव होती.

दरम्यान नेम धरण्याची विद्या परदेशात आकाराला येत होती. स्टॉकहोमचे शल्यचिकित्सक लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ‘रेडिओसर्जरी’ची कल्पना मांडली: कवटी न उघडता, अनेक बाजूंनी येणारे बारीक किरण एकाच बिंदूवर मिळवायचे. प्रत्येक किरण स्वतः दुबळा, वाटेतल्या मेंदूला फारसा न दुखवणारा. मिळतात तिथे मात्र मारक. १९६८ मध्ये त्यांच्या पहिल्या ‘गामा नाइफ’ने काम सुरू केले तेव्हा तिच्यात कोबाल्टचे १७९ स्रोत होते. पण नेम धरायला निशाण दिसावे लागते. सीटी स्कॅनने माणसाच्या मेंदूचे पहिले चित्र दिले १९७१ मध्ये, एमआरआय त्यानंतर आला. तोवर गाठीची जागा बऱ्याच अंशी अंदाजाने ठरे आणि अंदाज चुकू नये म्हणून भोवतीचा भरपूर भाग किरणांखाली घ्यावा लागे. साध्या कोबाल्ट यंत्राची आणखी एक अडचण: त्याच्या स्रोताची रुंदी दीड-दोन सेंटिमीटर, त्यामुळे झोताची कड धूसर. गाठीच्या शेजारीच डोळ्याची नस असेल तर ती धूसर कड महाग पडते.

भारतात गामा नाइफ आली १९९७ मध्ये; मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये. टाटामध्ये जे केले ते थोडे वेगळे होते. गामा नाइफ सहसा एकाच दिवशी मोठी मात्रा देते, म्हणून ती लहान निशाणासाठी. मुलांच्या या गाठी मोठ्या होत्या, डोळ्याच्या नसांना आणि मेंदूच्या तळाला चिकटलेल्या होत्या. त्यांना एका दिवसात एवढी मात्रा देणे धोक्याचे. म्हणून रेडिओसर्जरीचा नेम आणि जुन्या पद्धतीचे तीस भाग यांची सांगड घातली. रोज तेच डोके त्याच जागी, एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने, पुन्हा बसवायचे. सहा वर्षांच्या मुलाला साच्यात डोके धरून एकटे निजवायचे, आणि हे तीस वेळा. तंत्रज्ञ आणि परिचारिका यांच्या या कामाला कुठल्या शोधनिबंधात जागा मिळत नाही.

चाचणीचा खरा कस उपचारानंतर लागला. उपचाराच्या आधी, सहा महिन्यांनी आणि मग दर वर्षी, पाच वर्षांपर्यंत, प्रत्येक मुलाच्या बुद्धीची कसोटी आणि हार्मोनची तपासणी करायची होती. मानसशास्त्रज्ञ सविता गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या कसोट्या घेतल्या. हार्मोनच्या बाजूने शेजारच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नलिनी शहा यांची साथ होती. आधीची तपासणी घेतली हे फार महत्त्वाचे ठरले. कारण कितीतरी मुले किरण मिळण्यापूर्वीच मागे पडलेली होती. गाठीने, मेंदूत साचलेल्या पाण्याने, शस्त्रक्रियेने. ही पहिली नोंद नसती तर सगळा दोष किरणांवर गेला असता, किंवा उलट, किरणांनी केलेले नुकसान गाठीच्या खात्यावर टाकून मोकळे होता आले असते.

२०१० मध्ये या गटाने एक आगाऊ निरीक्षण छापले. अठ्ठावीस मुलांचे प्रत्येकी किती मेंदूला किती मात्रा मिळाली याचे नकाशे त्यांनी बुद्ध्यंकाशी ताडून पाहिले. डाव्या कानशिलाआतल्या भागाच्या, म्हणजे ‘टेम्पोरल लोब’च्या, १३ टक्क्यांहून अधिक हिश्शाला ४३.२ ग्रेपेक्षा जास्त मात्रा मिळाली होती त्या मुलांचा बुद्ध्यंक लक्षणीय घसरला होता. बहुतेक माणसांत ऐकलेले, वाचलेले शब्द लक्षात ठेवण्याचे काम हा डावा भाग करतो. तेव्हापासून किरणांचा आराखडा करणाऱ्यांच्या हाती एक ठोस आकडा आला: गाठ वाचवायची नाही, पण ही जागा वाचवता येते का ते पाहायचे.

२०१७ च्या निष्कर्षांत तीन गोष्टी होत्या. नेम धरून किरण मिळालेल्या मुलांचा बुद्ध्यंक पाच वर्षांत दुसऱ्या गटापेक्षा चांगला टिकला; दोन गटांच्या बुद्ध्यंकाच्या आलेखरेषांच्या उतारात १.४८ चा फरक होता. नव्याने उद्भवलेला हार्मोनचा बिघाड त्यांच्यात ३१ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के. आणि पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ८६ व ९१ टक्के, ज्यातला फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य होता. म्हणजे कड अरुंद केल्यामुळे गाठ निसटली, असे झाले नाही. अशी नियमबद्ध तुलना तोवर जगात कुणी केली नव्हती. श्रीमंत देशांत अचूक यंत्रे आली तेव्हा ती चांगलीच असणार असे धरून सगळ्यांनी वापरायला घेतली. ती खरोखर मुलांचे मन वाचवतात का, हे विचारले गेले परळमध्ये, जिथे रुग्णांची रांग सकाळी फुटपाथपर्यंत येते.

पण ३१ टक्के हा आकडा मला थांबवतो. हा चांगल्या गटाचा आकडा आहे. उत्तम नेम धरूनही पाच वर्षांत जवळजवळ तिघांतल्या एकाची पीयूष ग्रंथी आणि तिचा कारभार ढासळला. ही ग्रंथी वाटाण्याएवढी, मेंदूच्या तळाशी मध्यभागी, आणि अशा कितीतरी गाठी नेमक्या तिच्याच शेजारी वाढतात. वाढीचे हार्मोन सर्वांत आधी कमी होते. मग वयात आणणारी, थायरॉइडला आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना हुकूम देणारी. पालकांना दिसते ते एवढेच की पोरगा खुरटला, थंडी सोसत नाही, सारखा दमतो, मुलीची पाळी आली नाही. गावात म्हणतात आजाराने खंगला. आजार तर गेलेला असतो.

मोठ्या माणसांच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. स्तन किंवा फुप्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरला की पूर्ण डोक्याला शेक द्यायची रीत होती. रुग्ण काही महिनेच जगत, त्यामुळे उशिरा येणाऱ्या इजेला उगवायला वेळच नसे. औषधे सुधारली, माणसे अधिक जगू लागली आणि ती इजा दिसू लागली. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातली एक चाचणी ५८ रुग्णांवरच थांबवावी लागली; तिचे निष्कर्ष २००९ मध्ये आले: फक्त गाठींवर नेम धरलेल्यांत चार महिन्यांनी स्मरणशक्ती घसरण्याची शक्यता २४ टक्के, आणि त्याला पूर्ण डोक्याच्या किरणांची जोड दिलेल्यांत ५२ टक्के होती. २०१६ मध्ये २१३ रुग्णांच्या अभ्यासाने तीन महिन्यांनंतरचे आकडे दिले: ६३.५ आणि ९१.७ टक्के. त्यानंतर थोड्याच गाठी असतील तर पूर्ण डोके न भाजता फक्त गाठी टिपणे ही रीत रुळली.

नेम धरण्याचीही एक किंमत आहे, आणि ती १९३० मध्ये जर्मनीत दिसलेलीच आहे. एका बिंदूवर मोठी मात्रा एकवटली की तिथला मेंदूचा तुकडा मरू शकतो. गाठ जितकी मोठी तितका धोका अधिक. म्हणूनच अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने एका वेळची कमाल मात्रा गाठीच्या आकारावर बांधून दिली: दोन सेंटिमीटरपर्यंत २४ ग्रे, तीनपर्यंत १८, चारपर्यंत १५. हा मेलेला तुकडा सहा महिने ते दोन-तीन वर्षांत सुजतो, झटके येतात, हातपाय लुळे पडतात. आणि एमआरआयमध्ये तो हुबेहूब परत आलेल्या कर्करोगासारखा चमकतो. कर्करोग समजून पुन्हा किरण दिले तर इजा दुणावते. इजा समजून थांबले तर कर्करोग वाढतो. पेट स्कॅन आणि स्पेक्ट्रोस्कोपी काही प्रमाणात निवाडा करतात, कधी शस्त्रक्रियेने तुकडा काढूनच कळते. स्टेरॉइड हा जुना इलाज. २०११ मध्ये चौदाच रुग्णांच्या एका छोट्या पण काटेकोर चाचणीत बेवासिझुमॅब या औषधाने ती सूज ओसरते हे सिद्ध झाले. औषध महाग आहे आणि मोठ्या शहरांतच मिळते.

कळंबच्या माणसासाठी हा निवाडा आणखी अवघड होतो, कारण त्याची गोष्ट दोन जागी तुटलेली असते. किरण मुंबईत मिळाले, झटका कळंबमध्ये आला. रात्री उपजिल्हा रुग्णालयात आणलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांकडे जुना एमआरआय असतो किंवा नसतो. कुठल्या भागाला किती ग्रे, कुठल्या तारखेला, हा उपचाराचा सारांश तर बहुधा नसतोच. तो एक कागद असला तर तिथल्या डॉक्टरांना शेलाइनचा तिसरा टप्पा आठवू शकतो. नसला तर फिट येते म्हणून फिटेच्या गोळ्या, एवढ्यावर काम थांबते.

२०१२ मध्ये औरंगाबादला शासकीय कर्करोग रुग्णालय झाले, म्हणजे मराठवाड्याला किरणांसाठी सरकारी दार मराठवाड्यातच उघडले. २०२३ मध्ये खारघरला टाटाच्या केंद्रात प्रोटॉन किरणांचा उपचार सुरू झाला. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतात, गाठीच्या पलीकडच्या मेंदूला जवळपास काही जात नाही. मुलांच्या मेंदूसाठी ही मोठी गोष्ट ठरावी. पण प्रोटॉन घेतलेल्या मुलाच्या पाचव्या, दहाव्या, विसाव्या वर्षीची नोंद कुणी ठेवली तरच ती किती मोठी हे कळेल, आणि ते मूल तोवर कुठल्या तरी तालुक्यात राहत असेल.

त्या तालुक्यात जे करता येते ते खारघरच्या यंत्राच्या तुलनेत फारच स्वस्त आहे. शाळेच्या आरोग्य तपासणीत किरण घेतलेल्या मुलाची उंची दर सहा महिन्यांनी लिहावी. थायरॉइड तपासताना फक्त टीएसएच, म्हणजे थायरॉइडला हुकूम देणारे पीयूष ग्रंथीचे हार्मोन, पाहून समाधान मानू नये: बिघाड पीयूष ग्रंथीत असेल तर टीएसएच सामान्य दिसतो आणि मूल थायरॉइडवाचून सुकत राहते, थायरॉइडचे स्वतःचे हार्मोन, म्हणजे फ्री टी-फोर, मागवला तरच खरी गोष्ट उघड होते. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचे हार्मोन, म्हणजे सकाळी आठचे कॉर्टिसॉल, पाहावे, आणि थायरॉइडची गोळी सुरू करण्याआधी पाहावे. कारण कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉइड दिले तर रुग्ण अचानक कोसळू शकतो. कॉर्टिसॉल कमी निघालेल्या मुलाला तापात, उलट्यांत हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा वाढवावी लागते, आणि हे आईला, वर्गशिक्षकाला आणि आशाताईला माहीत असावे लागते. शाळेत मागे पडणाऱ्या अशा मुलाला परीक्षेत जादा वेळ आणि पुढचा बाक देता येतो. नोंद कशी ठेवायची हे येरमाळ्यापलीकडच्या बार्शीत १९८७ पासून माहीत आहे: एक वही, गावाचे नाव, माणसाचे नाव, आणि दर वर्षी त्याच्या दारात जाऊन विचारलेला प्रश्न.